वाचकांचे प्रश्न : यादी हातात पडली की आधी ग्रंथालयात या

मागच्या अंकात ‘कॉलेजची पुस्तकं परवडतात का?’ एवढंच विचारलं होतं. आलेल्या पत्रांत पालकांची पत्रं जास्त आहेत आणि बहुतेकांचा सूर एकच : बारावीपर्यंत हा खर्च कधी जाणवलाच नव्हता. जाणवणार कसा? आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळांत पुस्तकं मोफत मिळतात. पुढे बारावीपर्यंत ‘बालभारती’ असते. एका विषयाला एक पुस्तक, राज्यभर तेच, आणि किंमत आवाक्यातली. तेरावीला पाऊल टाकलं की हे सगळं संपतं. एकेका पेपरला पाच-सहा संदर्भग्रंथांची यादी मिळते, त्यांतलं नेमकं कुठलं घ्यायचं ते कुणी सांगत नाही, आणि किमतींना धरबंध राहत नाही.

माझी सगळी नोकरी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेली. देवघेवीच्या खिडकीतून जे पाहिलं त्याच्या आधारानेच ही उत्तरं देते आहे. बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं कळवलंय, म्हणून फक्त गावं दिली आहेत.

मी एसटीत वाहक आहे. मुलगा यंदा सरकारी मेडिकलला लागला. सीनियर मुलांनी त्याला व्हॉट्सॲपवर पुस्तकांची यादी पाठवली. दुकानदाराने सगळ्यांचा मिळून जो आकडा सांगितला त्यात माझा महिन्याचा पगार जाईल. मुलगा म्हणतो, नवी आवृत्तीच पाहिजे. सगळी घ्यावीच लागतील का?
— एक पालक, परळी

सगळी घ्यायची नाहीत, आणि आत्ता तर मुळीच नाहीत. मुलगा सरकारी कॉलेजात लागला याचं मनापासून अभिनंदन. आता त्याला ती यादी घेऊन शेजारी बसवा आणि प्रत्येक पुस्तकापुढे ते कुठल्या वर्षाचं आहे ते लिहायला लावा. पहिल्या वर्षाला मुख्य विषय तीनच : ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री. पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी नंतर येतात. सीनियर मुलं प्रेमापोटी सगळी यादी एकदम पाठवतात आणि पालक उत्साहाने सगळंच घेऊन टाकतात. मग दुसऱ्या वर्षाचं जाडजूड पुस्तक वर्षभर खोलीतल्या ट्रंकेत पडून राहतं आणि उघडायची वेळ येते तोवर त्याची पुढची आवृत्ती निघालेली असते.

पहिल्या वर्षाच्या पुस्तकांत पुन्हा दोन भाग करा. रोज हाताशी लागणारी वेगळी आणि अधूनमधून बघायची वेगळी. रोजची विकत घ्या. चौरसियांचं ॲनाटॉमी आता चार भागांत येतं. कॉलेजात आधी जो भाग शिकवणार असतील तेवढाच आधी घ्यायचा, बाकीचे पुढच्या महिन्यांत, पगार बघून. मोठे रंगीत ॲटलस आणि ग्रेजसारखे ग्रंथ वाचनकक्षात बसून बघायचे असतात. सरकारी मेडिकल कॉलेजांच्या ग्रंथालयांत त्यांच्या प्रती असतात. पहिल्या आठवड्यातच मुलाला कार्ड काढून घ्यायला सांगा, सहामाही परीक्षेच्या तोंडावर नको.

आता नव्या आवृत्तीचं. याचं उत्तर विषयागणिक बदलतं, आणि हे एकदा समजलं की आयुष्यभर पैसे वाचतात. हाताच्या हाडांची नावं आणि जागा दोन आवृत्त्यांमध्ये बदलत नाहीत. ॲनाटॉमीला एक-दोन आवृत्त्या मागचं पुस्तक बिनदिक्कत चालतं. नव्यात आकृत्या सुबक असतील, प्रकरणाच्या शेवटी प्रश्न वाढवले असतील, एवढंच. पण तिसऱ्या वर्षी कम्युनिटी मेडिसिनसाठी ‘पार्क’ घ्यायची वेळ येईल तेव्हा ताजंच घ्या, कारण त्यात राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमांचे तपशील आणि आकडे असतात आणि ते सतत बदलतात. फार्माकॉलॉजीचंही तसंच, औषधं बदलतात.

सोलापूरच्या एका एलएल.बी.च्या विद्यार्थ्याने आणि इचलकरंजीच्या एका बी.कॉम.वाल्या मुलीने हाच प्रश्न विचारलाय, म्हणून इथेच सांगते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचे कायदेही त्याच दिवशी बदलले. त्यामुळे या तीन विषयांची जुनी पुस्तकं कितीही स्वस्त मिळाली तरी फक्त तुलनेपुरती घ्या, परीक्षेसाठी नको. घटनेचा इतिहास, न्यायशास्त्र, कराराचा कायदा यांची जुनी पुस्तकं मात्र चालतात. आयकराचंही तसंच झालंय. १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू, कलमांचे क्रमांकच वेगळे. तिथे दादाचं जुनं पुस्तक वापरू नका. पण जमाखर्च, संख्याशास्त्र, सूक्ष्म अर्थशास्त्राची मूलतत्त्वं यांची दहा वर्षांपूर्वीची पुस्तकंही चांगली असतात, कधी कधी नव्यापेक्षा चांगली. तेव्हा छपाई दाटीवाटीची असली तरी उदाहरणं भरपूर सोडवून दिलेली असत.

तुमचा मुलगा अनुसूचित जाती किंवा जमातीतला असेल तर ग्रंथालयात स्पष्ट विचारा, ‘बुक बँकेचा संच मिळेल का?’ वैद्यकीय, अभियांत्रिकी, कृषी, पशुवैद्यक, पॉलिटेक्निक अशा अभ्यासक्रमांसाठी दोघांत एक संच देण्याची ही सरकारी योजना जुनी आहे. बऱ्याच कॉलेजांनी सर्वच गरजू मुलांसाठी स्वतःचीही बुक बँक ठेवलेली असते. विचारल्याशिवाय ती कळत नाही, कारण त्याची सूचना फळ्यावर एकदाच लागते आणि तेव्हा नवी मुलं वसतिगृहाच्या रांगेत उभी असतात.

नोकरीला लागले तेव्हा आमच्या कपाटात ‘ईएलबीएस’चा शिक्का असलेली इंग्रजी पुस्तकं होती. ब्रिटिश सरकार अनुदान देऊन आपल्यासारख्या देशांसाठी ती स्वस्तात छापून घेई. नव्वदीच्या दशकात ती बंद झाली. त्या पुस्तकांवर शिकलेली कितीतरी माणसं आज डॉक्टर, इंजिनिअर आहेत. पुस्तकाची किंमत ही कुणीतरी ठरवलेली गोष्ट असते, ती कमी ठेवायचं ठरवलं तर कमी ठेवता येते, हे मी त्या शिक्क्यावरून शिकले.

मी एम.ए. अर्थशास्त्राला आहे. एका पेपरच्या पुस्तकातली दोनच प्रकरणं अभ्यासक्रमात आहेत आणि पुस्तक हजाराच्या वर आहे. मैत्रिणी झेरॉक्स काढतात. झेरॉक्सवाले दादा म्हणतात, पुस्तकाची झेरॉक्स हा गुन्हा आहे. मॅडम, खरंच गुन्हा आहे का?
— एक विद्यार्थिनी, गडहिंग्लज

तुझ्या अभ्यासासाठी दोन प्रकरणांची झेरॉक्स काढलीस तर गुन्हा नाही. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या ५२ व्या कलमात, काय केलं तर हक्कभंग होत नाही याची लांबलचक यादी आहे. स्वतःच्या खासगी अभ्यासासाठी, संशोधनासाठी वाजवी प्रमाणात वापर करणं त्यात येतं. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्या-शिकण्याच्या ओघात मजकुराची प्रत काढणंही येतं.

यावर दिल्लीत मोठा खटला झाला. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात एक झेरॉक्सचं दुकान होतं. प्राध्यापकांनी नेमून दिलेली वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र बांधून ते विद्यार्थ्यांना देत असत. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशन संस्थांनी २०१२ मध्ये त्या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. विद्यार्थी रस्त्यावर उतरले. ऑक्सफर्डने ज्यांची पुस्तकं काढली त्या अमर्त्य सेन यांनीही दावा पुढे नेऊ नका असं प्रकाशकांना कळवलं. १६ सप्टेंबर २०१६ ला दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने तत्त्व मान्य ठेवलं : शिकवण्यासाठी लागतो तेवढा मजकूर वापरता येतो. त्या संचातला मजकूर खरोखरच शिकवण्यासाठी गरजेचा होता का, आणि अख्खीच्या अख्खी पुस्तकं छापली गेली का, एवढे मुद्दे मात्र पुन्हा तपासायला पाठवले. २०१७ च्या मार्चमध्ये तिन्ही प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण मला ती तितकीच महत्त्वाची वाटते. मुखपृष्ठासकट अख्खं पुस्तक झेरॉक्स करून, स्पायरल लावून अर्ध्या किमतीत विकणं, किंवा फुटपाथवर पातळ कागदाच्या चोरून छापलेल्या प्रती विकणं याला या निकालाने संरक्षण मिळत नाही. आणि चोरटी प्रत अभ्यासाला धोक्याचीही असते. सूत्रातला वजाबाकीचा बारीक दांडा छपाईत उडालेला मी पाहिलाय. अर्थशास्त्राच्या मुलीला तो दांडा कितीला पडेल हे तुला सांगायला नको.

ग्रंथपालांना या कायद्यात एक सवलत आहे जी फार कमी लोकांना ठाऊक असते. भारतात विक्रीला उपलब्धच नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्या वापरासाठी काढून घेता येतात. तुझ्या यादीतलं एखादं पुस्तक बाजारात मिळतच नसेल तर तुमच्या जिल्हा ग्रंथालयात याबद्दल बोल.

एक विनंती. प्रत काढ, पण पान कापू नकोस. परीक्षेच्या दिवसांत परत आलेलं पुस्तक मी खिडकीतच उघडून बघत असे. बाहेरून सगळं ठीक दिसतं, पण शिवणीजवळ बोट फिरवलं की कळतं : दोन पानांच्या मध्ये ब्लेडने कापलेली बारीक कड उरलेली असते, आणि अनुक्रमणिकेत बघावं तर नेमकं अभ्यासक्रमातलंच प्रकरण गेलेलं. मग दुसऱ्या प्रतीवरून तेवढी पानं झेरॉक्स करायची, उरलेल्या कडेला खळ लावून चिकटवायची, वरून वजन ठेवायचं. ज्या मुलीने ते कापलं तिच्याकडेही झेरॉक्सला पैसे नसणार हे मला कळायचं. पण तिच्यानंतर रांगेत उभ्या असलेल्या मुलीकडेही नव्हतेच.

पुस्तकांवर जीएसटी आहे का? दुकानदार म्हणतो, करामुळे महागली.
— एक वाचक, जळगाव

छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. बिलात तो लावला असेल तर हरकत घ्या. पण दुकानदाराच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. कागदावर आणि छपाईच्या कामांवर कर आहे, आणि पुस्तकच करमुक्त असल्यामुळे प्रकाशकाला तो भरलेला कर परत वळता करून मिळत नाही. म्हणजे तो किमतीत मुरतो.

मुलगा एम.एस.साठी टेक्सासला चाललाय. तिथे एकेक पुस्तक दोनशे डॉलरच्या पुढे असतं असं ऐकलं. इथल्या स्वस्त आवृत्त्या घेऊन पाठवू का? पण त्यांवर ‘फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ असं छापलेलं असतं. विमानतळावर अडवतील का?
— एक आई, डोंबिवली

अडवणार नाहीत. स्वतःच्या वापराची पुस्तकं आहेत ती. आणि याच प्रश्नावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. सुपाप किर्टसेंग नावाचा थायलंडचा विद्यार्थी कॉर्नेलला शिकायला गेला. तिथल्या किमती पाहून त्याने थायलंडमधल्या घरच्यांना, मित्रांना तीच पुस्तकं तिकडे स्वस्तात घेऊन पाठवायला सांगितलं आणि ती ऑनलाइन विकली. जॉन वायली या प्रकाशकाने त्याच्यावर दावा लावला. २०१३ मध्ये न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी किर्टसेंगच्या बाजूने निकाल दिला : परदेशात रीतसर छापलेली प्रत एकदा विकत घेतली की ती पुढे विकायचा हक्क घेणाऱ्याचा असतो.

तरीही पेटी भरू नका. एक तर वजन. दुसरं, एम.एस.च्या बऱ्याच विषयांत पुस्तक घ्यावंच लागत नाही. पहिल्या तासाला प्राध्यापक सांगतात, तोपर्यंत थांबलेलं बरं. तिसरं, आपल्याकडच्या आवृत्तीत प्रकरणाखालच्या गणितांचे क्रमांक कधी कधी वेगळे असतात, आणि तिकडे गृहपाठ क्रमांकावरून देतात. हा घोळ टाळायला वर्गमित्राच्या प्रतीवरून क्रमांक जुळवून घ्यावे लागतात. जी दोन-तीन मूलभूत पुस्तकं त्याने इथे बी.ई.ला वापरली, ज्यांत त्याच्या स्वतःच्या खुणा आहेत, तेवढीच द्या.

तिथे गेल्यावर त्याने दोन गोष्टी बघाव्यात. विद्यापीठाच्या ग्रंथालयात नेमलेल्या पुस्तकांच्या प्रती ‘रिझर्व्ह’मध्ये काही तासांसाठी मिळतात. आणि ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाने २०१२ पासून ‘ओपनस्टॅक्स’ नावाने पाठ्यपुस्तकं पूर्ण मोफत उपलब्ध केली आहेत. भौतिकशास्त्र, कॅल्क्युलस, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र. ही पुस्तकं इथूनही उतरवून घेता येतात, तेव्हा हे उत्तर इथल्या मुलांनीही वाचावं. तिकडे एक नवी अडचण मात्र आहे : गृहपाठ ऑनलाइन असतो आणि त्याचा प्रवेश-कोड नव्या पुस्तकाबरोबरच मिळतो, एकदाच चालतो. जुनं पुस्तक घेऊनही कोडचे पैसे वेगळे पडतात. पुस्तक मागवण्याआधी ते विचारून घ्यायला सांगा.

मी वाणिज्य शाखेला शिकवतो. वर्गातल्या दोन-तीन मुलांकडे पुस्तक असतं. बाकीचे मोबाइलवर कुणीतरी पाठवलेली पीडीएफ बघतात, नाहीतर परीक्षेआधी प्रश्नोत्तरांची पुस्तिका आणतात. यात किमतीचा दोष किती आणि मुलांचा किती?
— एक प्राध्यापक, अहिल्यानगर

सर, मुलांचा दोष मी सगळ्यात शेवटी धरीन. आपल्या व्यवस्थेत जो पुस्तक ठरवतो तो पैसे देत नाही, आणि जो पैसे देतो त्याला विचारलं जात नाही. औषध डॉक्टरांनी लिहून द्यावं आणि रुग्णाने दुकानात गेल्यावर पहिल्यांदा किंमत ऐकावी, तसं हे आहे. विद्यापीठाचं अभ्यास मंडळ संदर्भग्रंथांची यादी देतं. त्या यादीत लेखक असतो, प्रकाशक असतो, किंमत नसते. खरेदीसाठी त्या याद्या पुरवठादाराकडे पाठवल्या की ठरलेलं उत्तर यायचं : अमुक पुस्तकं छपाईत नाहीत. म्हणजे मागच्या अभ्यासक्रमाची यादी नव्याला जशीच्या तशी जोडलेली असायची. मुलाच्या हातात तीच यादी जाते आणि तो दुकानात जाऊन हात हलवत परत येतो. मग तो पुस्तिका घेतो. माझ्या मते त्याच्या जागी कुणीही तेच केलं असतं.

अमेरिकेत २००८ च्या उच्चशिक्षण कायद्याने विद्यापीठांना बांधून घातलंय की विषय निवडतानाच विद्यार्थ्याला नेमलेल्या पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक आणि किंमत दिसली पाहिजे. आपल्याकडे हे करायला कायद्याची वाट बघायची गरज नाही. तुम्ही तुमच्या पेपरपुरतं उद्यापासून करू शकता. यादीत एकच पुस्तक ‘हे घ्या’ म्हणून सांगा, त्यापुढे किंमत लिहा, कुठली जुनी आवृत्ती चालेल ते लिहा, आणि बाकीच्यांपुढे फक्त प्रकरणांचे क्रमांक लिहून ‘ग्रंथालयात वाचा’ एवढं लिहा. अर्धं ओझं तिथेच उतरतं.

दुसरी गोष्ट, अभ्यासक्रम बदलण्याची. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही नवी रचना आली. पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकीत ‘२०१९ पॅटर्न’ जाऊन ‘२०२४ पॅटर्न’ आला. अप्पा बळवंत चौकात जुनं पुस्तक मागायला गेलं की दुकानदार विषयाआधी विचारतो, ‘पॅटर्न कुठला?’ पॅटर्न बदलला की कालपर्यंत निम्म्या किमतीला जाणारं पुस्तक आज रद्दी होतं. पण आतला मजकूर बराचसा तोच असतो. प्रकरणं पुढेमागे होतात, एखादं नवं येतं, एखादं जातं. आमच्याकडच्या संख्याशास्त्राच्या मॅडमनी एका बदलाच्या वेळी फार चांगलं काम केलं होतं. नव्या अभ्यासक्रमाचा प्रत्येक घटक जुन्या पुस्तकात कुठल्या पानापासून कुठल्या पानापर्यंत आहे त्याचं एक पानी पत्रक त्यांनी तयार केलं. आम्ही ते प्रत्येक प्रतीच्या आतल्या मलपृष्ठावर चिकटवलं. कपाटभर पुस्तकं निर्लेखनाच्या, म्हणजे ग्रंथालयातून काढून टाकायच्या, यादीतून परत देवघेवीत आली. सर, असं पत्रक करायला एक दुपार पुरते आणि ते करू शकणारी व्यक्ती कॉलेजात एकच असते, विषय शिकवणारी.

तिसरं, प्रकाशकांचे प्रतिनिधी तुम्हाला नमुना प्रती देऊन जातात. त्या स्टाफरूमच्या कपाटात असतात. त्या ग्रंथालयात आणून द्या, ‘बाहेर नेता येणार नाही’ असा शिक्का मारून आम्ही वाचनकक्षात ठेवतो. परीक्षेच्या महिन्यात अशी एक प्रत दिवसभरात किती हातांतून जाते ते एकदा येऊन बघा.

आणि पीडीएफ बघणाऱ्या मुलांना रागवण्याआधी त्यांना हक्काचा मार्ग दाखवा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राची ‘एन-लिस्ट’ नावाची योजना आहे. वर्षाला काही हजार रुपये भरून कॉलेज तिचं सभासद होतं आणि लाखाहून अधिक ई-पुस्तकं उघडतात. कित्येक कॉलेजं सभासद आहेत, मूल्यांकन समितीच्या अहवालात तसं लिहिलेलंही असतं, पण विद्यार्थ्यांचे लॉग-इन काढून दिलेले नसतात. तुमच्या ग्रंथपालांना विचारा, वर्गाची यादी आणि ई-मेल पत्ते द्या, काम होतं. २०२५ पासून केंद्र सरकारने ‘एक देश, एक वर्गणी’ ही मोठी योजना आणली, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटींची. त्यात सरकारी संस्थांना सुमारे तेरा हजार नियतकालिकं मिळतात. ती संशोधकांच्या कामाची आहे. बी.कॉम.च्या मुलाला लागणारं पाठ्यपुस्तक तिच्यात नाही, आणि पाठ्यपुस्तकांसाठी अशी योजना यावी असं मला फार वाटतं.

मी पॉलिटेक्निकला आहे. आश्रमशाळेत मराठीतून शिकलो. इंग्रजी पुस्तकं महाग आहेत आणि समजतही नाहीत. मराठीत काही फुकट मिळेल का?
— एक विद्यार्थी, नंदुरबार

मिळेल. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने पदविका आणि पदवीची तांत्रिक पुस्तकं भारतीय भाषांत तयार करून घेतली आहेत, मराठीतही आहेत. ‘ई-कुंभ’ या त्यांच्या संकेतस्थळावरून ती विनामूल्य उतरवता येतात. शेजारी इंग्रजी पुस्तकातलं तेच प्रकरण उघडून ठेव, म्हणजे परीक्षेला लागणारे इंग्रजी शब्दही डोळ्यांखालून जातील. एखादी कल्पना मुळातूनच कळत नसेल तर मराठी विश्वकोशातली नोंद वाच. तोही ऑनलाइन मोफत आहे, आणि यंत्रं, धातू, वीज यांवरच्या त्यातल्या नोंदी अतिशय नेटक्या आहेत. खरगपूरच्या आयआयटीने चालवलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयातही फुकट नाव नोंदवता येतं. वसतिगृहात नेटची रेंज नसेल तर कॉलेजच्या संगणकावरून पेन ड्राइव्हवर घे. ग्रंथपालांना सांग, ते नाही म्हणणार नाहीत. आणि काही अडलं तर मला पुन्हा लिही, या पत्त्यावर पत्र पोचतं.

इंजिनिअरिंगची पुस्तकं चार खोकी भरून माळ्यावर आहेत. रद्दीवाला किलोच्या भावाने मागतो. जीव होत नाही. काय करू?
— एक वाचक, पिंपरी

आधी पॅटर्न बघून दोन ढीग करा. चालू पॅटर्नची पुस्तकं अप्पा बळवंत चौकातले जुन्या पुस्तकांचे दुकानदार घेतात. मुंबईकडे असाल तर माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचे विक्रेते घेतात. सत्र सुरू व्हायच्या जरा आधी न्या, तेव्हा भाव बरा येतो. परीक्षा संपल्या संपल्या सगळेच विकायला जातात. लोकल ऑथरची, म्हणजे एकाच विद्यापीठाच्या अभ्यासक्रमापुरती लिहिलेली पुस्तकं पॅटर्न गेल्यावर कुणी घेत नाही. पण मोठ्या लेखकांची जाड संदर्भपुस्तकं, थर्मोडायनॅमिक्स, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, गणित, ही कधीच वाया जात नाहीत. ती तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या कॉलेजला द्या. देण्याआधी ग्रंथपालांना फोन करून शीर्षकांची यादी वाचून दाखवा, म्हणजे त्यांच्याकडे नसलेलीच जातील आणि पोत्यात पडून राहणार नाहीत. स्टीम टेबल, डिझाइन डेटाबुक आणि मिनी ड्राफ्टर असेल तर ते खोक्यात ठेवूच नका. पॅटर्न कुठलाही आला तरी ते लागतातच. जवळच्या इंजिनिअरिंग वसतिगृहाच्या फलकावर चिठ्ठी लावा, संध्याकाळपर्यंत कुणीतरी घ्यायला येईल.